गच्चीवरची शेवंती आणि रस्त्यावरचा दिवा

हे प्रकरण पुण्यातल्या एका जुन्या तीनमजली सोसायटीच्या गच्चीवरचं आहे. गच्ची वापरणारं जोडपं निवृत्त आहे आणि प्रदर्शनासाठी कुंडीत मोठ्या फुलांची शेवंती करतं. इथे त्यांना नुसतं काका आणि काकू म्हटलं आहे. प्रदर्शनांची नावं दिलेली नाहीत, कारण घडलं ते कुठल्याही शहरात घडू शकतं. शहरात दिवे वाढत आहेत आणि शेवंती करणारेही.

पार्श्वभूमी

बाजारात शेवंती वजनावर मिळते. प्रदर्शनाची शेवंती तिच्या शेजारी ठेवली तर ओळखू यायची नाही. दहा इंची कुंडी, त्यात एकच झाड, झाडाला मोजून एक किंवा तीन फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एकच फूल. बाजूच्या सगळ्या कळ्या बारीक असतानाच नखाने काढून टाकायच्या. सगळी ताकद एका कळीत गेली की फूल लहान पानकोबीएवढं होतं. स्नोबॉल, सोनार बांगला, कस्तुरबा गांधी, महात्मा गांधी, चंद्रमा या जाती त्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं लावल्या जातात.

काका-काकूंची पद्धत ठरलेली. फुलं संपली की झाड वीतभर ठेवून छाटायचं, खालून येणारे मुनवे वेगळे करून मातृझाडं म्हणून उन्हाळाभर जगवायची, जुलैत त्यांचे शेंड्याकडचे तुकडे वाळूत लावायचे. मुळं फुटली की चार इंची कुंडी, सप्टेंबरच्या सुरुवातीला शेवटची दहा इंची. मातीत शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि थोडा हाडांचा चुरा. ऑगस्टच्या मध्याला शेंडा खुडून तीन जोमदार फांद्या राखायच्या, बाकीच्या काढायच्या. मग दर आठवड्याला भिजवलेल्या भुईमुगाच्या पेंडीचं पाणी, ते थेट कळीवर रंग दिसेपर्यंत.

इथे एक पुणेरी पेच आहे, तो आधी सांगायला हवा. शेवंतीच्या पुस्तकांतली वेळापत्रकं बहुतेक उत्तरेकडची असतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचं शेवंतीचं प्रदर्शन डिसेंबरात भरतं, चंडीगढचंही डिसेंबरात. शेवंतीचा नैसर्गिक बहर त्याच सुमाराचा असल्यामुळे तिथे सगळं जुळून येतं. पुण्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन मात्र प्रजासत्ताक दिनाच्या आसपास असतं. तोवर गच्च्यांवरच्या मोठ्या शेवंतीच्या खालच्या पाकळ्या तपकिरी पडायला लागलेल्या असतात. काका-काकू त्यामुळे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका छोट्या प्रदर्शनात भाग घ्यायचे आणि जानेवारीअखेरच्या मोठ्या प्रदर्शनात इतरांच्या कुंड्या बघायला जायचे.

अडचण

त्या वर्षी गच्चीवर ३६ कुंड्या होत्या. २४ रस्त्याकडच्या कठड्याला, १२ पाण्याच्या टाकीमागे. टाकीमागची जागा दुय्यम, कारण तिथे दुपारनंतर ऊन नाही. चांगली झाडं अर्थातच कठड्याला.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात टाकीमागच्या झाडांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसायला लागल्या. कठड्याच्या झाडांना काहीच नाही. पानं मात्र हिरवीगार, रुंद, शेंडे रोज वर सरकणारे. बघणारा म्हणाला असता, वा, काय तब्येत आहे!

काकांचं पहिलं निदान खताचं. नत्र जास्त झालं म्हणून झाड पाल्यावर गेलं. त्यांनी पेंड बंद केली आणि पोटॅश सुरू केलं. शेजारच्या इमारतीतल्या एका बागप्रेमींनी फुलं लवकर आणणारं कसलंसं टॉनिक सुचवलं. ते मारलं नाही हे बरं झालं. असल्या बाटल्यांवर घटक वाचायला गेलं तर निम्म्या वेळी काही लिहिलेलंच नसतं.

खताचं निदान मोडलं ते आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माळीदादांच्या एका वाक्याने. "काका, तिकडच्या कुंड्यांनाबी मीच खत घातलंय. त्याच बादलीतलं."

खत तेच, माती तीच, तुकडेही त्याच मातृझाडांचे, आणि कळ्या आल्या त्या कमी उन्हाच्या, दुबळ्या झाडांना.

निदान

उलगडा एका कुंडीने केला. टाकीच्या कोपऱ्यावर महात्मा गांधी जातीचं एक झाड होतं, अर्धं टाकीच्या आडोशाला, अर्धं बाहेर. त्याच्या तीन फांद्यांपैकी आतल्या दोन फांद्यांना कळी होती. रस्त्याकडे झुकलेल्या तिसऱ्या फांदीला नव्हती, तिथे नुसती पानं. मूळ एक, माती एक, आणि एकाच झाडात दोन ऋतू. काकू ती कुंडी बघायला रात्री नऊला वर गेल्या आणि त्यांना विजेरी लावावीच लागली नाही. कठड्यापाशी उभं राहून कुंडीवरचं जातीचं नाव वाचता येत होतं.

गणपतीच्या आधी रस्त्यावरचा जुना पिवळा दिवा काढून पांढरा एलईडी बसवला होता आणि दिव्याआड येणारी गुलमोहराची फांदीही तेव्हाच उतरवली होती. रस्त्यावर अंधार असतो म्हणून सोसायटीनेच अर्ज केला होता. अर्जावर काकांची सही होती.

शेवंती हे लहान दिवसाचं झाड आहे, म्हणजे खरं तर लांब रात्रीचं. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर काम करून दाखवलं की कित्येक झाडं फुलायची वेळ दिवस-रात्रीच्या लांबीवरून ठरवतात. पुढे कळलं की झाड मोजतं ती अखंड अंधाराची लांबी आणि मोजणी करतात पानं. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात अकरा. सप्टेंबरच्या अखेरीस दिवस-रात्र सारखी होते, पुढे रात्र वाढत जाते आणि मोठ्या फुलांच्या बहुतेक जाती त्याच सुमारास कळी धरतात. पण रात्रभर दिवा असेल तर पानांच्या हिशेबी रात्र होतच नाही. जूनच चालू राहतो.

पॉलिहाउसमध्ये शेवंती करणारे हेच मुद्दाम करतात. झाड पुरेसं उंच होईपर्यंत मध्यरात्रीच्या आसपास काही तास दिवे लावून ते कळी लांबवतात. त्यासाठी साधारण १०० लक्स उजेड धरला जातो, पण त्याहून बऱ्याच कमी उजेडातही कळी लांबते. काकूंच्या मुलाने मोबाइलवरच्या अ‍ॅपने कठड्यापाशी मोजलं तर वीसच्या आसपास आकडा आला, टाकीमागे एक-दोन. मोबाइलच्या मापावर फार विसंबू नये, पण फरक कळायला ते पुरेसं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दिव्याचा. त्याला रस्त्याकडे वळवून घेणं किंवा गच्चीच्या बाजूला झाकण बसवून घेणं. काकूंनी तो लगेच बाजूला ठेवला. अर्ज, पाठपुरावा, शिडीची गाडी, एवढ्यात हंगाम संपला असता. शिवाय रात्री क्लासहून येणाऱ्या मुलींसाठी तो दिवा मागितला होता.

दुसरा, संध्याकाळी पाच ते सकाळी आठ काळं कापड टाकणं. पुस्तकात हाच उपाय दिलेला असतो. पण २४ कुंड्यांवर रोज कापड चढवणं-उतरवणं सत्तरीच्या माणसांना झेपणारं नाही, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पाच वाजता कापडाखाली जी गरमी कोंडते तिनेही कळी लांबते. एक अडसर काढायला जाऊन दुसरा घालायचा.

तिसरा, कुंड्या टाकीमागे हलवणं. तिथे जेमतेम आठ-दहा मावल्या असत्या, तेही पानाला पान लावून. दाटीत शेवंतीवर काळा मावा आणि पानांवर ठिपके ठरलेलेच.

चौथा पर्याय एका ओळखीच्या रोपवाटिकेतून आला. कळीवर आलेल्या तयार कुंड्या घ्या, दोन महिने तर आहेत. बहुतेक प्रदर्शनांत झाड ठरावीक काळ तरी स्पर्धकाच्या ताब्यात असावं असा नियम असतो. इथे तो पाळला गेला असता की नाही, हा प्रश्न काकूंनी पुढे जाऊ दिला नाही.

पाचवा पर्याय ज्यांनी सुचवला त्यांना या वर्तुळात सगळे सर म्हणतात. फोनवर सगळं ऐकून ते म्हणाले, "अहो, डिसेंबर विसरा. तुमच्याकडे आता फुकटचा दिवा आहे, तो वापरा. जानेवारी धरा."

हिशेब आणि पहिला निर्णय

मोठ्या फुलांच्या जातींना लांब रात्री सुरू झाल्यापासून फूल पूर्ण उमलेपर्यंत साधारण नऊ ते अकरा आठवडे लागतात. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने आठवडे मोजले. २० ऑक्टोबरला अंधार दिला तर फुलं २२ डिसेंबर ते ५ जानेवारीच्या दरम्यान. डिसेंबरचं प्रदर्शन त्याआधीच संपलेलं. जानेवारीचं प्रदर्शन २५ ला, म्हणजे तोवर पाकळ्या उतरलेल्या. उलट २५ जानेवारीपासून दहा आठवडे मागे गेलं की येतो नोव्हेंबरचा मध्य. तोवर झाडं दिव्याखाली ठेवायची, मग अंधारात घालायची. हिशेब इतका सरळ होता.

काकांना तो पटला नाही. असं मुद्दाम दिव्याखाली ठेवायचं म्हणजे दुखण्यालाच औषध म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. आत्ता अंधार दिला तर काही झाडं तरी लवकर येतील, आपली थंडी लवकर पडते. काकू म्हणाल्या, "अहो, थंडीने फूल लवकर येत नाही, उशिरा येतं." शेवटी समझोता झाला. दहा कुंड्यांना लगेच अंधार, चौदा दिव्याखाली.

या प्रकरणातला मला सगळ्यात कच्चा वाटणारा निर्णय हाच. दोन तारखांवर झाडं वाटून जोखीम कमी करणं शहाणपणाचं असतं, पण दोन्ही तारखांना प्रदर्शन हवं. इथे दहा कुंड्या अशा तारखेला लावल्या गेल्या जिला कुठेच काही नव्हतं. वाटणी करायची होती तर चौदा कुंड्यांच्या अंधाराची तारीख एक आठवडा मागेपुढे करून करता आली असती.

दुसरा निर्णय: शेंडा

दिव्याखालच्या चौदा झाडांना आणखी तीन-साडेतीन आठवडे वाढायचं होतं. ती आधीच गुडघ्याच्या वर गेलेली. तशीच सोडली तर कमरेच्या वर जाणार, खालची पानं गळून पाय उघडे पडणार. परीक्षक फुलानंतर लगेच तिथेच बघतात, पानं कुंडीच्या काठापर्यंत आहेत का. दुसरा धोका असा की लांब दिवसात फार काळ वाढलेली फांदी कधी कधी आपणहून अर्धवट कळी धरते. तिच्याखाली अरुंद, पट्टीसारखी पानं येतात आणि फूल नीट भरत नाही.

म्हणून नऊ झाडांचे शेंडे २२ ऑक्टोबरला पुन्हा खुडले, खालून नवी तीन फुटवी राखली. पाच झाडं तशीच ठेवली, कारण काकांचा हात होईना. एवढ्या उशिरा शेंडा खुडायला धीर लागतो हे खरं आहे. हिरवंगार, निरोगी टोक दोन बोटांत धरून मोडायचं आणि तीन आठवडे कुंडीकडे बघत बसायचं. १४ नोव्हेंबरपर्यंत नवी फुटवी वीतभर झाली. अंधार सुरू करायला एवढी लांबी चांगली.

अंधाराची सोय

काळ्या कापडाऐवजी माळीदादांनी फ्लेक्स आणला. कुणाच्या तरी वाढदिवसाचा, दहा बाय सहाचा, मागून काळा. कठड्यालगत बांबू बांधून तो दिवा आणि झाडं यांच्यामध्ये पडद्यासारखा उभा केला. वरून उघडं, त्यामुळे गरमी कोंडली नाही. दिवसा गुंडाळून ठेवायचा, संध्याकाळी एक दोरी सोडली की काम झालं. शुभेच्छुकांचे हसरे फोटो आतल्या बाजूला आले आणि हंगामभर शेवंतीकडे बघत राहिले. काळी बाजू आत हवी होती, पांढरा फ्लेक्स थोडा उजेड परतवतो. पण तोवर बांधून झालं होतं.

मधे दिवाळी आली. आकाशकंदील दरवर्षी गच्चीच्या दारावर लागायचा, या वेळी तो खालच्या गॅलरीत लागला आणि जिन्याच्या खोलीवरची दिव्यांची माळ रद्द झाली. सोसायटीतल्या मुलांना शेवंतीसाठी माळ नाही हे समजावणं जड गेलं म्हणतात.

डिसेंबर

टाकीमागच्या बारा कुंड्यांतून नेण्याजोग्या चार निघाल्या. दिवसा ऊन कमी मिळाल्याचं फुलांवर दिसत होतं. आकार मध्यम, माना लांब. पांढऱ्या, आत वळलेल्या पाकळ्यांच्या गटात स्नोबॉलच्या एका कुंडीला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांचा शेरा असा की तीन फुलांत एक लहान आहे. तीन फुलांच्या कुंडीत ही नेहमीची पडझड. एक फूल अप्रतिम असून भागत नाही, तिन्ही एका वयाची आणि एका मापाची लागतात.

लगेच अंधार दिलेल्या दहा कुंड्या नाताळानंतर रंगात आल्या आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण उमलल्या. त्या वर्षातली सगळ्यात देखणी फुलं तीच होती यावर घरात एकमत आहे. सोसायटीच्या जिन्यात त्यांची रांग लागली, हळदीकुंकवापर्यंत ती टिकली नाहीत.

थंडी आणि तिसरा निर्णय

डिसेंबरच्या शेवटी पुण्यात रात्रीचं तापमान सलग १० अंशांच्या खाली राहिलं आणि चौदा कुंड्यांचं वेळापत्रक घसरलं. १० जानेवारीला कळ्यांवर रंगाची नुसती रेघ होती. रंग दिसल्यापासून मोठं फूल उघडायला तीनेक आठवडे सहज जातात, म्हणजे महिनाअखेर. प्रदर्शन २५ ला.

इथे हातात फार काही नव्हतं. कुंड्या दक्षिणेकडच्या भिंतीला नेल्या, दिवसभर तापलेल्या विटांची ऊब रात्री मिळावी म्हणून. रात्री बांबूंवर पारदर्शक प्लॅस्टिक. सरांनी बजावून सांगितलं होतं की प्लॅस्टिक पाकळ्यांना टेकू द्यायचं नाही आणि ऊन वर येताच काढायचं. आत थेंब साचून पाकळीवर पडला की तिथे तपकिरी डाग येतो, मग ते फूल संपलं. एके सकाळी काकू दवाखान्यात गेल्या आणि प्लॅस्टिक साडेदहापर्यंत राहिलं. कस्तुरबा गांधीच्या दोन कुंड्या त्यात गेल्या.

निकाल

२४ ला सकाळी चौदा कुंड्यांची उजळणी झाली. शेंडा न खुडलेली पाच झाडं चार फुटांवर गेली होती, पाय उघडे, आणि दोघांना ती पट्टीसारखी पानं आलेली. ती बाद. स्नोबॉलची फुलं पाऊण उघडलेली, मध्यभाग अजून हिरवट, आणि थंडीने बाहेरच्या पाकळ्यांवर गुलाबी झाक आलेली. सोनार बांगलाच्या तीन कुंड्या मात्र वेळेवर भरल्या होत्या.

आता गट निवडायचा. तीन कुंड्यांचा संच हा मानाचा गट होता आणि काकांना तोच हवा होता. पण तीनपैकी एका कुंडीतलं एक फूल वाकडं होतं. काकूंनी एका कुंडीच्या गटात सर्वांत सरस कुंडी आणि कापलेल्या फुलाच्या गटात दुसरीतलं सर्वांत मोठं फूल, अशी नोंद केली. फुलांभोवती वर्तमानपत्राच्या सैल टोप्या, कुंड्या वाळूच्या क्रेटमध्ये, आणि छोटा हत्ती पहाटे पाचला. एका गतिरोधकावर तिसऱ्या, राखीव कुंडीतलं फूल देठात मोडलं.

कुंडीच्या गटात दुसरा क्रमांक आला. कापलेल्या फुलाला काही नाही, ते पहिल्या दिवशी दुपारीच खालून सैल पडलं. पहिल्या आलेल्या स्पर्धकांनी बोलता बोलता सांगितलं की ते गेली कित्येक वर्षं बल्ब लावून कळी लांबवतात. पुण्यात जानेवारीत मोठी शेवंती दिसते ती बहुतेक अशीच. हे उघड गुपित होतं, फक्त काका-काकूंपर्यंत पोचलेलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

रात्रीची फेरी ऑगस्टमध्ये मारायला हवी. कुंडीवरचं नाव विजेरीशिवाय वाचता आलं तर ती जागा डिसेंबरच्या शेवंतीची नाही.

खताचा संशय काढायला आठवडा गेला. दोन ठिकाणी वेगळं वागणारं एकाच मातृझाडाचं रोप दिसलं की आधी जागेत काय वेगळं आहे ते बघावं, बादलीत काय आहे ते नंतर.

जानेवारीसाठी दहा आठवडे धरणं पुण्याच्या थंडीला अपुरं पडतं. अंधार ५ नोव्हेंबरच्या सुमारास सुरू केला असता तर स्नोबॉलही भरलं असतं. फूल चार दिवस आधी उमललं तर सावलीत ठेवून थोपवता येतं, चार दिवस मागे असलेल्या फुलाला ओढून आणता येत नाही.

आणि शेंडा खुडायचा तर सगळ्यांचा. प्रयोग म्हणून दोन झाडं सोडली असती तरी पुरलं असतं.

पुढच्या हंगामासाठी गच्चीचे दोन भाग ठरले आहेत. डिसेंबरची शेवंती फ्लेक्सच्या आड, या वेळी काळी बाजू आत. जानेवारीची कठड्याला, पण रस्त्यावरच्या दिव्याच्या भरवशावर नाही, टायमर लावलेल्या छोट्या बल्बांच्या माळेखाली, रात्री दहा ते दोन. काकांची शंका एकच आहे आणि ती रास्त आहे: लागोपाठ काही रात्री वीज गेली तर? सरांचं म्हणणं, एखाद्या रात्रीने बिघडत नाही, आठवडाभर गेली तर झाडं कळी धरतील. त्यासाठी बॅटरीवरचे दिवे घ्यायचे की तेवढी जोखीम पत्करायची, हे अजून ठरलेलं नाही.